सुतक फिटल्यावरचं पाणी

श्रीमंतरावांच्या दहाव्याला जळकोटच्या घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून दिलं. घागरी पालथ्या घातल्या, रांजण धुतला. भावकीतले दगडोबा ओट्यावरून म्हणाले, "त्या मशीनीतलंबी काढा की. ते काय सुतकातून सुटलं व्हय?" दहा दिवस आल्यागेल्याला जारचं पाणी दिलेलं, फिल्टर बंदच होता. शिवराजनं तोटी सोडून तो रिकामा केला आणि पुन्हा चालू केला.

दुपार कलली तरी फिल्टरच्या टाकीत जेमतेम दोन बोटं पाणी.

शिवराजनं तेच धरलं. "बघ आई. म्हणून म्हणतो, आमच्यासंगं धाराशिवला चल. नाना होते तोवर ठीक होतं. कँडल बदलणं, टाकी धुणं, समदं वेळच्या वेळी. आता हे कोण बघणार? बोअरचं पाणी प्यालीस की पुन्हा खडा."

त्यात खोटं काही नव्हतं. सखूबाईंचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, बोअरचं पाणी तोंडाला लावू नका. म्हणून तर नानांनी, म्हणजे श्रीमंतरावांनी, हे मशीन बसवलं. पण घराला एकदा कुलूप लागलं की ते दिवाळीपुरतंच निघतं, आणि मग दिवाळीलाही निघत नाही, हे सखूबाईंनी आपल्याच गल्लीत तीनदा पाहिलं होतं. त्यांना इथंच राहायचं होतं.

"नळदुर्गचा मेकॅनिक परवा येतो म्हणला," शिवराज फोन ठेवत म्हणाला.

"थांब जरा."

त्यांनी पदर खोचला आणि मशीनीला कान लावला. पंप घुरघुरत होता, पण पाणी ओढताना येतो तो जड आवाज नव्हता. त्यांनी प्लग काढला. बाहेरच्या गाळणीच्या भांड्यात पाणी आणणारी नळी सोडली, तर बादलीत जोरात धार पडली. ती बसवून पलीकडची सोडली. नुसतं ठिबक ठिबक.

"अडलंय ते या भांड्यातच," त्या म्हणाल्या. कॉक बंद केला, पाना लावून भांडं फिरवलं. आतली कँडल पांढरीशुभ्र निघाली.

"नवीच हाय की ही," शिवराज वाकून म्हणाला.

सखूबाईंनी नख लावलं. कँडलच्या अंगावरून पातळ, आरपार दिसणारं प्लास्टिक सुटून आलं. दुकानातून आली तशीच ती आत बसली होती.

शिवराज त्या प्लास्टिककडं बघत राहिला. "कुणी बसवली?"

दुकानदाराच्या माथी मारता आलं असतं. सखूबाईंनी ते प्लास्टिक बाजूला ठेवलं.

"नानांनी. ते जायच्या तोंडावर मी दोन दिस तेरखेड्याला गेल्ते तवा. मी येईस्तोवर त्यांना दम निघाला न्हाय."

"नाना? त्यांना एवढं दिसलं न्हाय?"

"न्हाय दिसलं. गेल्या दिवाळीपासून त्यांना काहीच धड दिसत नव्हतं, शिवा. ते खुर्ची टाकून बसायचे, सांगायचे. हात माझे असायचे."

"आणि मला तुमी—"

"तुला कळलं असतं तर तू दोघांनाबी उचलून नेलं असतंस. त्यांनी शपथ घातली होती."

शिवराज खाली बसला. मग म्हणाला, "डोळे तरी दाखवले असते, आई."

"दाखवायला पायजे होते," त्या म्हणाल्या. "तेवढं माझं चुकलं."

त्यांनी भांडं धुतलं, रबराची कडी बोटानं नीट बसवली, कँडल उभी केली. पाना जपून आवळला, जास्त आवळला तर भांडं चिरतं. नळी जोडून, कॉक सोडून प्लग लावल्यावर पंपाचा आवाज जड झाला. थोड्या वेळानं टाकीत पाणी पडू लागलं.

"हे पहिलं भरलेलं टाकून द्यायचं. दहा दिस बंद होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं प्यायचं."

शिवराज टाकी भरेपर्यंत तिथंच बसून राहिला. मग त्यानं विचारलं, "पुढची कँडल कधी लागंल?"

"तीन महिन्यांनी. पिवळी पडली की त्याच्या आधीबी."

"मी घेऊन येतो. आणि त्याच दिवशी तुला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेतो. काय निघंल ते मला कळलं पायजे. झाकायचं न्हाय."

"बरं."

"तशी कबूल असशील तर रहा हितं."

सखूबाईंनी मान हलवली, आणि पहिलं पाणी ओतायला बादली तोटीखाली सरकवली.