कॅनडाला जाणारा फोटो

कायम राहण्याच्या कार्डालाही मुदत असते, हे मला अजून पटलेलं नाही. आम्ही अकोल्याला परत आलो होतो आणि लेकीचं कॅनडाचं कार्ड नवं करायची वेळ आली होती. फोटोचे नियम कडक होते: हसायचं नाही, चेहऱ्यात काडीचाही बदल नको आणि फोटोमागे स्टुडिओचा शिक्का पाहिजे.

गल्लीतल्या फोटोवाल्या भाऊंनी कौतुकानं फोटो हातात ठेवला. पोरगी झकास गोरी झाली होती. तेल्हाऱ्याला मामाच्या अंगणात पडून कपाळाला झालेली खूण गायब होती. अंगात कोट, गळ्यात टाय.

“ताई, कलेक्टर दिसून राहिली का नाही?”

“भाऊ, माही पोरगीच नाही हे! आहे तशी द्या ना.”

त्यांनी कुरकुरत दुसरा फोटो काढून दिला. विस्कटलेले केस, फुगवलेले गाल, कपाळावरची खूण; हुबेहूब ती. मी फोटो उलटून पाहिला, तर मागे कोरा.

“अन् शिक्का?”

भाऊंनी शिक्का उचलून खणात टाकला आणि खण लावून घेतला.

“तो नाही मारत मी. असा फोटो माह्या नावानं कॅनडाले गेला, तं तिकडचे लोक काय म्हनतीन? अकोल्यात कोनालेच काम येत नाही?”