शेंडेजींच्या टीव्हीवरची पुठ्ठ्याची पट्टी

तुळशीरामजी शेंडे यांची नि माझी पहिली भेट पोलादाच्या प्लांटच्या कँटीनमध्ये झाली. मी टाइम ऑफिसात नवा कारकून, ते मिलमधले क्रेन ऑपरेटर. चहाचा ग्लास पुढे सरकवत त्यांनी नाव-गाव काहीच विचारलं नाही. "जुने इंग्रजी पिच्चर पाहता का? मंग रविवारी दहाले या कोहक्याच्या वस्तीत, माह्या घरी." हुकूमच तो! मी गेलो. आज शेंडेजी पंचाहत्तर वर्षांचे झाले, तरी रविवारी दहाला माझ्या चपला त्यांच्याच दारात असतात.

हॉलिवूडचे काळे-पांढरे चित्रपट, आणि समोर सतरंजीवर आम्ही दहा-पंधरा जण. ऐकून इंग्रजी आमच्यापैकी एकालाही धड कळत नसे. शेंडेजी टीव्हीशेजारी उभे राहून आमच्या नागपुरी बोलीत गोष्ट सांगत. नटनट्यांची नावं आम्हाला जड, म्हणून ती त्यांनी नवीच ठेवलेली: टोपीवाला, डोळेवाली, खळीवाला. "पाहा, टोपीवाल्यानं काडी पेटवली आन् सिगरेट लावलीच नाही. वरून हसून राहिला, आतून घाबरला बरं!" खरा नट बोलण्याआधी काय करतो ते पाहायला मी इथे शिकलो. डोळेवालीनं मान वळवली की शेजारच्या मंगलाताईंचा पदर डोळ्यांना लागलाच म्हणून समजा.

मग मी शहाणपणा केला. सिविक सेंटरच्या बाजारातून त्यांच्या सगळ्यात आवडत्या चित्रपटाची नवी डिस्क आणली. पडद्यावर खाली संवादांची इंग्रजी अक्षरं उमटत, आणि मला तेवढं वाचता येई. शेवटी डोळेवाली आगगाडीनं निघून जाते. शेंडेजी दर वेळी सांगत, "माय बिमार आहे, भेटून येतो म्हणते." मी मोठ्यानं वाचून दाखवलं, की ती दुसऱ्याशी लग्न करायला निघाली आहे आणि परत येणार नाही! सगळे हसले. मंगलाताई म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, इतके वर्षं आमाले खोटंच सांगून राहिले होते का?"

शेंडेजींनी टीव्ही बंद केला. "मले इंग्रजी येतच नाही गा," एवढंच बोलले.

पुढचे तीन रविवार दार उघडलं नाही. त्यांच्या पत्नी शांताबाई मला बाजारात भेटल्या. "धड जेवून नाही राहिले. म्हणते, म्या लोकायले फसवलं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वस्तीतला एवढा एक आनंद, आणि तो माझ्या दीडशहाणपणानं बुडाला.

तोच चित्रपट मी घरी पुन्हा लावला. शेंडेजींचे शब्द जवळजवळ सगळे चुकलेले. पण निरोप घेताना डोळेवालीचा हात टोपीवाल्याच्या बाहीवरून सुटता सुटत नाही, आणि नेमकं तिथेच शेंडेजी नेहमी म्हणत, "तोंडानं जाऊन राहिली, जीव इथंच ठेवला तिनं." शब्द चुकले, चेहरा एकही चुकला नव्हता! तसाच उठून मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली आणि विचारलं, हे कळतं तरी कसं?

"उभी नोकरी क्रेनच्या केबिनीत काढली म्या. खालचा आवाज वर येत नाही. खालच्याचा हात पाहाचा, तोंड पाहाचं. तळहात आडवा दिसला का थांबाचं. चुकलो तर माणूस मरते. म्या एकालेही इजा होऊ देली नाही. हे मोठे कलाकार तसेच आहेत गा, आवाज बंद केला तरी समजते."

मी त्यांच्या समोरच पुठ्ठा कापला आणि टीव्हीच्या तळाशी चिकटवला. अक्षरं झाकली गेली. रविवारी दार उघडलं, आणि सगळ्यांत आधी मंगलाताई येऊन बसल्या. "सांगा भाऊजी, टोपीवाल्याले काय झालं?" डोळे पुसून शेंडेजींनी सुरुवात केली. तो पुठ्ठा आजही तिथेच आहे.

आता शेंडेजींना जवळपास ऐकू येत नाही. गोष्ट सांगणं मात्र थांबलेलं नाही, उलट ते म्हणतात की आता मधे मधे इंग्रजीची कटकट नाही. आज पंचाहत्तरीच्या या सत्कारात आमची भाषणं त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. शेंडेजी, प्रकृती अशीच ठणठणीत राहो, रविवारमागून रविवार येत राहोत. केबिनीतून एकदा खाली पाहा. आम्ही सगळे उभे आहोत, आणि आडवा तळहात कोणीच दाखवून नाही राहिलं.