ट्रेलरची दांडी

इथे परदेशात गणपतीत वाजवायचे ढोल माझा मुलगा गाडीमागे ट्रेलर जोडून ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर नेणार होता. सरावाच्या दिवशी ट्रेलर इतका डोलला, की ढोल गेले असते आणि मुलगाही. म्हणून तो वजन वाटून घेणारा, डोलणं रोखणारा हिच, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा, आणायला निघाला. भरल्या ट्रेलरसकट मीही गेले.

गॅरेजवाला चिनी म्हातारा होता, माझ्याच वयाचा. मुलाने सगळ्यांत दणकट हिच मागितला. म्हाताऱ्याने एका हाताने ट्रेलरची दांडी उचलली. ती अलगद वर आली.

"हिच नंतर," तो इंग्रजीत म्हणाला. "आधी ओझं."

मी मुलाला म्हटलं, "सगळे ढोल मागे कोंबलेस. गाडी उलाळ झालीय. बैलगाडी असती तर जू बैलांच्या मानेवरून वर गेलं असतं."

मुलाने लाजत त्याला सांगितलं. म्हातारा मांडीवर थाप मारून हसला आणि इथल्या लकबीत म्हणाला, "आंटी करेक्ट लाह!"

आम्ही दोघं बोट दाखवत राहिलो, मुलगा ढोल पुढे ओढत राहिला. मग म्हाताऱ्याने दांडीवरचा भार मोजला, बेताचा हिच निवडून बसवला आणि बैलाची मान थोपटावी तशी दांडी थोपटली.

ट्रेलर सरळ गेला. म्हातारा पुन्हा दिसला नाही. पण ढोल भरताना मुलगा आता मला विचारतो. चाळीस वर्षांत काही विचारलं नव्हतं.