देवरावकाकांचा खोकला

फोन आला तेव्हा मी सीताबर्डीच्या ऑफिसात एक पत्र टाइप करत होते. पलीकडून देवरावकाकांचा मुलगा म्हणाला, "ताई, बाबा गेले." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. पत्राच्या उरलेल्या चार ओळी टाइप केल्या, एकही चूक न करता, आणि मग साहेबांकडे रजा मागायला गेले. याला आता दीड महिना झाला. अजून रडू आलेलं नाही...

देवरावकाका आमचे शेजारी. मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात कामाला. तरुणपणी आखाड्यातल्या एका वस्तादांकडे ते योग शिकले होते. दुसरी पाळी असल्यामुळे सकाळ मोकळी असे. तेव्हा त्यांच्या ओसरीवर आम्ही आठ-दहा माणसं बसायचो. मी दम्यासाठी जाऊ लागले, ती आणीबाणीच्या एक-दोन वर्षं आधी. मी श्वास जोरानं ओढायची. काका म्हणायचे, "घ्याची घाई काहून करून राहिली वं? आधी सोड. सोडला का तो आपोआप येते." आसनांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. खरं बोलणं, दुसऱ्याचं न घेणं, हे त्यांच्या लेखी आधी. "वागणं वाकडं असन, तं पाठ सरळ करून काय फायदा?"

मिलच्या धुळीनं जडलेला आपला खोकला प्राणायामानंच गेला, असं ते सांगत. मी विश्वास ठेवला आणि त्यांना न विचारता गोळ्या बंद केल्या. थंडीतल्या एका सकाळी असा दम लागला की ओठ निळे पडले. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी काका आले, स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पोरी, मी लबाड बोललो. माहा खोकला गेलाच नाही. तुमच्यासमोर दाबून ठेवत होतो."

माझ्यापुरतं सांगून ते थांबले नाहीत. पुढच्या रविवारी ओसरीवर सगळ्यांसमोर त्यांनी तेच सांगितलं. एक जण उसळला, "मंग आमाले इतके दिवस काहून बसवलं गा?"

"मन शांत व्हाले," काका म्हणाले. "रोगासाठी डाक्टर आहे."

महिन्याभरात आम्ही तिघंच उरलो. त्यानंतर काका आमच्यासमोर मोकळेपणी खोकत. उबळ थांबेपर्यंत आम्ही थांबायचो, मग पुढचा श्वास. अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी शेवटी त्यांना दोन वाक्यं सलग बोलवत नसत, तरी ते भिंतीला टेकून आमच्यासोबत बसत.

दहनघाटावर कुणीतरी म्हणालं, "एवढा योग केला, काय कामी आला?" मला उत्तर ठाऊक होतं.

परवा सकाळी सवयीनं पाय तिकडेच वळले. ओसरी झाडलेली, सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर काकू मांडी घालून बसलेल्या. इतक्या वर्षांत त्या आमच्यात एकदाही बसल्या नव्हत्या. त्या वेळी त्यांचा स्वयंपाक असे.

"कसं करत होते ते, मले सांग ना वं," त्या म्हणाल्या.

मी समोर बसले. सांगायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि डोळे मिटून घेतले. सुरुवात अशी गप्प बसूनच होते, असं त्यांना वाटलं असावं. मीही डोळे मिटले.