घोळ की चिवळ

बायकोला तिसरा महिना लागला आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीही खाऊ द्या, पण खाऊ द्या. तिला डोहाळा लागला चिवळीच्या भाजीचा. नांदेडात आमच्या गल्लीत येणाऱ्या भाजीवालीकडं ती नव्हती. मग जळकोटहून सासूबाई पिशवीभर चिवळ घेऊन आल्या, आणि त्याच सकाळी लोह्याहून आमची माय घोळीची भाजी घेऊन उतरली. झालं!

माय म्हणाली, घोळ अन् चिवळ सख्ख्या बहिणी, थोरली घरात असताना धाकटी कशाला? सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडं घोळ म्हशीला टाकतेत. आता एकीची भाजी दुसरीनं म्हशीपुढं टाकल्यावर काय राहतं हो? कोणती शिजवायची ते ठरेपर्यंत चुलीला हात लावायचा नाही, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत.

दोन्ही भाज्या निवडून, धुऊन एका परातीत मांडल्या आणि मला पंच बसवलं. घोळीचं पान जाड, गोलसर, दांडा लालबुंद. चिवळीचं पान इवलंसं, टोकाला निमुळतं, दांडा सुतळीएवढा, पेरावर पांढरी लव. चावून बघितलं तर दोन्ही आंबट, घोळ जरा बुळबुळीत. मी म्हणालो, दोन्ही चांगल्या. मुकाट बसलो असतो तर बरं झालं असतं. माझा निकाल नामंजूर करून दोघी एकेक काडी घेऊन शेजारी राहणाऱ्या उदगीरच्या काकूंकडं निकाल मागायला गेल्या.

माझं डोकं असं तापलं! पोरगी घरात उपाशी, अन् ह्या पंचायत करून राहिल्या. तेवढ्यात बायको आतून उठून आली, परातीपाशी बसली, सकाळची गार भाकरी अन् मीठ घेतलं आणि कच्चाच पाला खायला लागली. मी जागचा हललो नाही. भाकरी संपली, पाला संपला. बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिलो, पण उलटी आली नाही. खरं सांगतो, मला रडू आलं.

दोघी परतल्या तर परात रिकामी. मायनं विचारलं, जास्त गोड कोणती लागली?

"कळलं न्हाई," बायको म्हणाली. "भूक लई लागली होती."

दोन दिवस अन्नाला न शिवलेलं लेकरू जेवलं, त्याचं कौतुक राहिलं बाजूला. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"ईनबाई," माय म्हणाली, "हिला खाण्यातलं कायबी कळत न्हाई."

"माझीच पोर हाय," सासूबाई मायच्या शेजारी टेकत म्हणाल्या, "पण तुमचं खरं हाय."