पानथरीतली गाठ

माझ्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, एक गाठ आहे. दर सहा महिन्यांनी गोंदियाचे सोनोग्राफीवाले डॉक्टर ती मोजतात आणि एकाच पट्टीत सांगतात, “धानाच्या बांधीत पाणी भरलं हाये, असं समजा. बांध शाबूत हाये. काही नाही.” मी दरवेळी विचारतो, “नक्की ना?”

परवा माझ्याआधी केशोरी गावची एक आजी होती. मागून तिचा मुलगा ‘सांगू नका’ म्हणून खुणावत होता. डॉक्टरांनी स्क्रीन सरळ आजीकडे वळवली.

“आजी, तुमच्या गाठीत पाणी नाही, भरीव हाये. कायची हाये, ते मले इथून समजत नाही. नागपूरले दाखवा.”

“धान कापून जाऊ?”

“नाही. उद्याच जा.”

मग माझा नंबर लागला. त्याच आवाजात ते म्हणाले, “काही नाही.”

मी परत विचारलं नाही.