कमळाबाईंची शेवटची तयारी

रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर फादरनी सांगितलं, "साठीच्या पुढच्यांनी एक कागद भरून द्या. आपल्या अंत्यविधीला कुठली गीतं हवीत, वाचन कोणी करायचं, सारं लिहा. मागच्यांची धांदल होत नाही."

रत्नागिरीच्या त्या छोट्या चर्चमध्ये कोणी जागचं हललं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या कमळा आल्मेडा मात्र उठल्या आणि कागद घेऊन आल्या.

मरण त्यांना परकं नव्हतं. पॅरिशमधली, म्हणजे या चर्चच्या वस्तीतली, कोणी बाई गेली, की तिला आंघोळ घालून, साडी नेसवून पेटीत निजवायचं काम तीस वर्षं त्यांचंच. गीतं, वाचन, साडी 'पांढरी', असा कागद भराभर भरला. 'तयारी कोण करणार' या ओळीशी पेन अडलं. या कामातली सोबतीण फिलोमिना आता अंथरुणाला खिळलेली. पोटची मुलगी नाही. सून शमिका सावर्ड्याच्या हिंदू घरातली, लग्नानंतर चर्चला येऊ लागलेली. मयताच्या घरी ती उंबऱ्याबाहेरच थांबायची.

पंधरा दिवसांनी फिलोमिनाच गेली. कमळाबाई निघाल्या, तर शमिका चपला घालून दारात उभी.

"आई, तुमचा खांदा दुखतोय. एकट्या कशा उचलाल?"

फिलोमिनाच्या घरी ती उंबरा ओलांडून आतल्या खोलीत आली, पण भिंतीशीच थांबली. "जित्या माणसाशी बोलतो तसं बोलायचं," कमळाबाई म्हणाल्या. "फिलू, हात वर घेतोय हां." ताठरलेल्या दंडावरून पोलकं चढेना, तेव्हा ते पाठीवर उभं कापून दोन्हीकडून कसं घालायचं ते त्यांनी दाखवलं. केस विंचरताना शमिका हळूच म्हणाली, "मावशी, गुंता आहे, जरा दुखेल." तीस वर्षांत मयताशेजारी कधी न रडलेल्या कमळाबाईंना हुंदका आला.

घरी आंघोळी झाल्या, चहा झाला. कमळाबाईंनी कागद पुढे सरकवला. "इथे तुझं नाव लिहू काय?"

"माझी आई गेली तेव्हा तिला आंघोळ घालायला मला आत जाऊ दिलं नव्हतं," शमिका म्हणाली. "लिहा. पण ही पांढरी साडी मी नाही नेसवायची. तुम्हाला पांढरा कधी आवडलाय?"

"मग कुठली?"

"मोरपंखी. ती नेसलात की आरशात दोनदा बघता."

कमळाबाईंनी 'पांढरी' खोडलं. रविवारी त्यांनी कागद फादरच्या हातात दिला, तेव्हा बाहेर दोघीतिघी वाट बघत होत्या. तुमची सून आमचीही शेवटची तयारी करील काय, असं विचारायला.

"मला काय विचारता? तिला विचारा," कमळाबाई म्हणाल्या.